सत्कारमूर्ती गैरहजर

खानदेशात वन्यजीवांसाठी होणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला तीन पक्ष अपेक्षित असतात: प्रमुख पाहुणे, स्वयंसेवक आणि वन्यजीव. पाहुणे उशिरा येतात, स्वयंसेवक पहाटेच येऊन बसतात आणि वन्यजीव येत नाहीत. ज्याच्या नावाने सगळा घाट घातला तोच हजर नाही, असा समारंभ श्राद्ध सोडले तर दुसरा नसावा. तरीही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हे कार्यक्रम वर्षभर चालतात आणि गैरहजर सत्कारमूर्तीचे त्यातून थोडेफार भलेही होते.

कार्यक्षेत्र मोठे आहे. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत यावल अभयारण्य आहे. ते १९६९ सालचे, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे, आणि पाल हे त्याचे मुख्य ठाणे. शिरपूर तालुक्यात अनेर धरणाभोवतीचे अभयारण्य १९८६ साली झाले. त्याच वर्षीचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीपर्यंत येते. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा, डोलारखेडा या भागात वाघाचा वावर आहे आणि तिथला वाघ जंगलाइतकाच केळीच्या बागेतही रमतो. दाट सावली, ओल आणि थंडावा या तिन्ही गोष्टी उन्हाळ्यात सातपुड्यापेक्षा बागेत जास्त मिळतात. ठिबक सिंचनाचा असा लाभार्थी कोणत्याही शासकीय यादीत सापडत नाही.

संवर्धनाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होते, कारण तेव्हा देशभर वन्यजीव सप्ताह असतो. सप्ताहाची पहिली गरज म्हणजे फ्लेक्स. त्यावरचा प्राणी निवडण्याचा अधिकार छपाईवाल्याकडे असतो आणि तो इंटरनेटवरचे सर्वांत देखणे चित्र उचलतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम पुसणाऱ्या धुळेकरांच्या डोक्यावर बर्फात उभा राहिलेला सैबेरियाचा वाघ झळकतो, आणि सातपुड्याच्या जंगलावरील व्याख्यानामागे जिराफ मान वर काढतो. सातपुड्यातले अस्वल, भेकर, सायाळ, उदमांजर यांना फ्लेक्सवर जागा मिळत नाही. उरलेली जागा आयोजकांच्या छायाचित्रांना लागते.

शाळांमध्ये याच आठवड्यात वेशभूषा स्पर्धा होतात. वाघ होण्यासाठी बालवाडीतही चुरस असते. तरस व्हायला कोणी तयार नसते, आणि घुबडाला तर पालकांचाच विरोध असतो. चित्रकला स्पर्धेत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नदीकाठी एकमेकांशेजारी पाणी पिणारे वाघ व हरीण असा देखावा निघतो. अन्नसाखळीचा धडा तोपर्यंत झालेला नसतो. सप्ताहाचा खरा उपयोग होतो तो शेवटच्या दिवशी, मुलांना पाल किंवा जळगावजवळच्या लांडोरखोरीत फिरायला नेतात तेव्हा. भाषणांत जांभया देणारी मुले वाटेवर पडलेली विष्ठा दिसली की कमालीची एकाग्र होतात. ती कोणाची, कधीची, तिच्यात बिया कसल्या, हाडाचा तुकडा कोणाचा, असे प्रश्न मग थांबत नाहीत. वन्यजीवशास्त्राचा पाया या विषयानेच पक्का होतो, हे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही इतकेच.

नोव्हेंबर उजाडताच पक्षी सप्ताह येतो. महाराष्ट्र शासनाने २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हे दिवस त्यासाठी ठरवले. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. दोन थोर पुरुषांच्या मध्ये सापडलेल्या या आठवड्याला खानदेशात एक तिसरा आधार आहे. याच दिवसांत भरताची हिरवी वांगी बाजारात येऊ लागतात. पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावर पक्षीनिरीक्षणाला किती माणसे येतील, हे पत्रिकेच्या तळाशी ‘नंतर भरीत-पुरी’ छापले आहे की नाही यावर अवलंबून असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली की धूर उठतो, धुरामुळे पक्षी उडतात, आणि उडताना त्यांच्या पंखांवरचे पट्टे नीट दिसतात. पद्धत शास्त्रीय नाही, पण नोंदी होतात.

नवा पक्षीनिरीक्षक ओळखणे पक्षी ओळखण्यापेक्षा सोपे असते. त्याच्या गळ्यात दुर्बीण असते, पण तो पक्षी डोळ्यांनी शोधतो, दुर्बीण डोळ्यांना लावतो आणि मग पक्षी हरवतो. आठवडाभरात तो व्हॉट्सॲप गटावर धूसर छायाचित्र टाकून ‘हा कोणता?’ असे विचारतो. मिनिटभरात सात जण ‘शिक्रा’ म्हणतात. आठवा ‘पावशा’ म्हणतो आणि दुपारपर्यंत गटात दोन तट पडतात. पावशा हा कोकीळ कुळातला असूनही शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे वादाला पुरेसा आधार असतो. संध्याकाळी कोणीतरी जाणकार ‘ही घार आहे’ असे लिहितो. गट शांत होतो.

या चुकांना खानदेशात मोठी परंपरा आहे, आणि ती हौशी लोकांची नाही. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केले. त्यानंतर १८८०च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने गोळा करून विलायतेला पाठवले. १८८४नंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन या नामांकित इंग्रज पक्षीतज्ज्ञाने जाहीर केले की आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. प्रत्यक्षात त्याने ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना लांबवला होता आणि पुन्हा पेंढा भरून नवी चिठ्ठी बांधली होती. खानदेशातले घुबड चोरून गुजरातच्या पत्त्यावर नोंदवण्याचा हा उद्योग अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणला. पक्षी शोधायचा तर त्या खोट्या पत्त्यावर जाऊन उपयोग नव्हता. म्हणून त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे लागले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्यात त्यांना रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने अवकाश होता.

या शोधातली विनोदी बाब अशी की रानपिंगळा हा घुबडांमधला दिवसपाळीचा कर्मचारी आहे. तो सकाळच्या उन्हात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, सर्वांना दिसेल असा बसतो. ११३ वर्षे तो तिथेच होता. त्या डोंगरातल्या पाड्यांनी तो रोज पाहिला असणार. त्याला नामशेष मानले जाते ही बातमी मात्र त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली नव्हती. पुढे यावल अभयारण्यातही तो सापडला आणि आता पक्षी सप्ताहात त्याच्यावर व्याख्याने होतात.

जानेवारी हा पाणपक्ष्यांच्या गणनेचा महिना. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते आणि जळगाव जिल्ह्यात तिचे मुख्य केंद्र तापीवरचे हतनूर धरण हे आहे. ४१ दरवाजांचे हे धरण पावसाळ्यात किती दरवाजे उघडले या बातमीसाठी प्रसिद्ध असते. हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर लालसरी, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब उतरतात. वरणगावच्या चातक नेचर काँझर्वेशन सोसायटीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते इथे वर्षानुवर्षे वह्या घेऊन बसत आले आहेत. सर्वांत जास्त गर्दी असते ती वारकरी नावाच्या पाणकोंबडीच्या नातेवाइकाची: अंगभर बुक्का आणि कपाळावर पांढरा टिळा. आषाढवारीसाठी मुक्ताईची पालखी याच परिसरातून पंढरपूरला निघते आणि हिवाळ्यात तिच्या गावाजवळ हे वारकरी हजारोंनी जमतात. निवासाची सोय पाटबंधारे खात्याने केलेली असते.

हजारोंचा थवा मोजण्याची पद्धत अशी: आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते पाण्याचा किती तुकडा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्यायचे, मग तोच तुकडा मनाने पूर्ण थव्यावर ठेवत जायचे. दोन अनुभवी माणसांनी एकाच वेळी मोजले तर एकाचे अकराशे होतात आणि दुसऱ्याचे सातशे. दोघेही आपल्या आकड्यावर ठाम असतात. सरासरी काढण्याची वाटाघाट सुरू असतानाच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून एक फेरी मारतो आणि सगळा थवा उठून दुसऱ्या तुकडीच्या हद्दीत जाऊन बसतो. दुसऱ्या तुकडीने तो आधीच मोजलेला असतो किंवा नसतो. तेवढ्यात बांधावरचा शेतकरी येतो. दुर्बीण, तिकाटणे आणि वही पाहून तो ओळखतो की हे सर्वेक्षणवाले आहेत. “काय मोजून राहिले भाऊ? आमची जमीन जाईन का?” जमीन जाणार नाही, फक्त पक्षी मोजतो आहोत, असे सांगितल्यावर त्याचा विश्वास बसत नाही. चहा पाजल्यावर मात्र तो सहज सांगतो की मोठे बदक इकडे कुठे, ते सकाळी तिकडे गव्हात उतरतात. वहीतला सगळ्यात उपयोगी मजकूर पुष्कळदा याच चहाच्या वेळी लिहिला जातो. आणि एका वर्षाचा आकडा कच्चा असला तरी तीच माणसे, तीच जागा आणि तोच महिना धरून वीस वर्षे मोजत राहिली की पक्षी वाढले की घटले हे कळू लागते. चूक दरवर्षी सारखीच असेल तर तिचाही उपयोग होतो.

याच महिन्यात संक्रांत येते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. तेव्हापासून तो दुकानात दर्शनी भागात मिळत नाही. संक्रांतीनंतरचा आठवडा स्वयंसेवक झाडांना आणि तारांना अडकलेला मांजा काढण्यात घालवतात. बांबूला आकडी बांधून गुंता ओढायचा हे काम दिसायला पतंग पकडण्यासारखेच असल्याने लहान मुले मदतीला धावतात आणि निघालेला मांजा खिशात घालून पसार होतात. तो पुन्हा आकाशात जातो. म्हणून काढलेला मांजा तिथल्या तिथे कापून पोत्यात भरण्याची शिस्त आता रुळली आहे.

२० मार्च हा जागतिक चिमणी दिन. लाकडी घरटी वाटली जातात, त्यांना सव्वा इंचाचे भोक असते आणि ती गॅलरीत टांगली जातात. चिमणी त्यांची पाहणी करते आणि विजेच्या मीटरच्या पेटीत संसार थाटते. त्यानंतर वीजबिल कितीही आले तरी पेटीला हात लावायचा नाही, असा घरात ठराव होतो. दाण्यांनी चिमण्या जगतात हाही एक लोकप्रिय समज आहे. मोठ्या चिमणीला दाणे चालतात, पिल्लांना मात्र अळ्या आणि किडे लागतात. अंगणात फरशी आणि कुंपणावर कीटकनाशक असेल तर ताटलीभर बाजरी ठेवूनही पाळणाघर चालत नाही.

एप्रिलपासून जलपात्रांचा हंगाम. जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की संस्था, मंडळे, पतपेढ्या मातीची पसरट भांडी वाटतात. हा कार्यक्रम खानदेशात सर्वांत लोकप्रिय आहे, कारण तो सकाळी नऊच्या आत उरकतो. एका भांड्याच्या हस्तांतराला आठ माणसांचे हात लागलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. त्यानंतर भांड्याचे भवितव्य घरातल्या आजीवर अवलंबून असते. आजी असेल तर भांडे सावलीत जाते, रोज घासले जाते, त्यात मधमाश्यांना टेकायला दगड पडतो. आजी नसेल तर ते गच्चीवर उन्हात राहते आणि दुपारी त्यातले पाणी अंडे उकडण्याच्या लायकीचे होते. चिमण्यांसाठी ठेवलेल्या पाण्यावर कबुतरे, साळुंख्या, बुलबुल आणि खारी येतात. शेजारचे मांजरही येते, पण ते पाण्यासाठी येत नाही. भांडे जमिनीपासून उंच आणि झुडपापासून दूर ठेवावे, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

उन्हाळ्याचा कळस म्हणजे बुद्धपौर्णिमा. वैशाखी चांदण्यात जंगलातल्या पाणवठ्यांवर मचाण बांधून रात्रभर प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा जुनी आहे. पाणवठे आटलेले, प्राण्यांना मोजक्याच जागी येणे भाग, आणि चंद्र फुकट, असे तिचे गणित. स्वयंसेवकाला सूचना मिळतात: भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलायचे नाही, खोकायचे नाही, उजाडेपर्यंत खाली उतरायचे नाही. शेवटच्या सूचनेचा अर्थ रात्री अकराच्या सुमारास कळतो. डब्यात वरण-बट्टी असते. तुपाचा वास अत्तराच्या व्याख्येत बसतो का, याबद्दल परिपत्रक मौन बाळगते.

पहिल्या तासात मोर येतात आणि उत्साहाने तीन ओळी लिहिल्या जातात. मग नीलगाय. मग बराच वेळ डास. दोनच्या सुमारास काहीतरी मोठे काळे पाण्याशी येते. मचाणावरच्या शहरी सदस्यांच्या मते ते अस्वल असते. सोबतचा वनमजूर एकदाच पाहून ‘डुक्कर’ म्हणतो आणि कूस बदलतो. बिबट्या आला तर तो नेमका अशा वेळी येतो की ज्याने पाहिला त्याच्याकडे साक्षीदार नसतो, कारण साक्षीदार घोरत असतात. सकाळी सगळ्या मचाणांच्या वह्या एकत्र केल्या की लक्षात येते की एकाच रानडुकरांच्या कळपाने तीन पाणवठ्यांवर हजेरी लावून आपली संख्या तिप्पट करून घेतली आहे. या कारणासाठी वनविभाग आता तिला गणना म्हणत नाही, ‘निसर्गानुभव’ म्हणतो. वाघांचा अंदाज २००६पासून कॅमेरा ट्रॅपमधल्या पट्ट्यांवरून आणि खुणांच्या शास्त्रीय सर्वेक्षणातून काढला जातो. कॅमेरा झोपत नाही आणि डबाही आणत नाही. माणसे तरीही मचाणावर नाव लावायला धडपडतात, आणि एकदा रात्र काढलेला माणूस पुढच्या उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठ्यात टँकरने पाणी टाकायला हाक मारली की नाही म्हणत नाही. निसर्गानुभवाची खरी आवक तिथे मोजावी.

जुलैत वृक्षारोपण. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांची मोहीम झाली. इतक्या वेगाने कडुनिंबही वाढत नाही. अलीकडे बीजगोळे फेकण्याची पद्धत आली आहे. धुळ्याजवळ लळिंगसारख्या डोंगरावर चढून गोळे फेकण्यात क्रिकेटचा आनंद मिळतो, त्यामुळे तरुणांची उपस्थिती चांगली असते. बी रुजणे मात्र गोलंदाजीवर नव्हे, पावसावर आणि शेळ्यांवर ठरते. २९ जुलैला व्याघ्र दिन असतो. शांतताप्रिय आणि एकान्तात राहणाऱ्या या प्राण्याच्या सन्मानार्थ त्या दिवशी मोटारसायकल रॅली काढतात.

श्रावणात सर्पमित्रांचा हंगाम भरात असतो. त्यांचा फोन नंबर किराणा दुकानात, पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक जावयाच्या मोबाइलमध्ये असतो. “दहा फुटांचा नाग आहे” असा निरोप येतो. घटनास्थळी दोन फुटांचा कवड्या निघतो, आणि त्याच्याभोवती अख्खी गल्ली उभी असते. कवड्या निरुपद्रवी आहे, पण मण्यारीसारखा दिसतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे पाठ करणे म्हणूनच उपयोगाचे. दवाखान्यातली लस याच चौघांवर असते. साप पकडून झाल्यावर घरमालकाला तीन प्रश्न असतात: विषारी आहे का, याची जोडीदारीण सूड घ्यायला येईल का, आणि दूध पाजायचे का. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत गल्लीतले तरुण सापासोबत सेल्फी मागतात. कायद्याने सापाचे प्रदर्शन करता येत नाही आणि समंजस सर्पमित्र वनविभागाला कळवून त्याला जवळच्याच योग्य अधिवासात सोडतो. काही सर्पमित्र कमी समंजस असतात. त्यांची छायाचित्रे मोठी येतात आणि कारकीर्द लहान असते.

वर्षातला एक कार्यक्रम मात्र या सगळ्यांहून वेगळा आहे आणि तो साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात होतो. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून सुमारे अकराशे एकर जंगल राखले. झाड तोडणाऱ्याला दंड ठेवला, पाळीपाळीने पहारा केला. जंगल वाढले, झऱ्यांना पाणी टिकले आणि शेजारच्या गावांनाही ते मिळू लागले. पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. २००४पासून इथे वनभाजी स्पर्धा भरते. बाया जंगलातून आणलेल्या भाज्या, कंद, कोवळी पाने शिजवून मांडतात आणि येणाऱ्याला नाव, गुण आणि शिजवण्याची रीत सांगतात. फ्लेक्सवर कोणते चित्र असावे असा प्रश्न इथे पडत नाही, कारण जंगल थेट पानातच वाढलेले असते.

पंचाईत होते ती परीक्षकांची. शेजारीशेजारी मांडलेल्या डझनावारी भाज्या एकेक चमचा चाखत जायचे, चेहऱ्यावर पक्षपात दिसू द्यायचा नाही, आणि एखादी कडू निघाली तर ती मुळातच कडू असते की हाताने बिघडली हे समोर उभ्या असलेल्या आजीबाईंना विचारायचे. आजीबाई उत्तर देतात, वर अजून एक चमचा वाढतात. शहरांतून आलेल्या वनस्पतितज्ज्ञांना ज्या पाल्याचे शास्त्रीय नाव आठवत नाही त्याची चव इथल्या दहा वर्षांच्या मुलीला पाठ असते, त्यामुळे वह्या काढून लिहून घेण्याचे काम तज्ज्ञांकडे येते. निकाल लागतो, बक्षिसे वाटली जातात, ज्यांना मिळाले नाही त्या परीक्षकांना चवच कळत नाही असे आपसात ठरवतात आणि पुढच्या पावसाळ्यात कोणता पाला कुठल्या नाल्यापाशी उगवतो यावर त्यांची चर्चा सुरू होते. एकदा तिथे जेवून आलेले पाहुणे पुढच्या वर्षी निमंत्रणाची वाट पाहत नाहीत, आणि उशिराही येत नाहीत.